१५२ सेंटिमीटरचं घर

२ मार्च

सामान आलं. अकरा खोकी, एक गादी, एक लाकडी स्टूल, शिवणाचा डबा. दोन खोल्या, एक मोठी खिडकी उत्तरेला, एक छोटी पूर्वेला. चौदा वर्षांनंतर एकटी राहतेय. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. ही वही कामाची आहे.

घरमालक काकूंशी आधीच बोलून घेतलं. भिंती रंगवायला हरकत नाही. खिळे-भोकं पाडायची तर मोजकी, आणि घर सोडताना बुजवून द्यायची. सगळं कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या. भाड्याच्या घरात ड्रिल हातात घेण्याआधी हे करून टाकावं, पुढे प्रत्येक भोकापाशी मन अडत नाही.

आठवडाभर दिव्यांशिवाय काहीही विकत आणायचं नाही असं ठरवलंय. आधी मापं. दिवाणखाना ३.६ × ३.३ मीटर, उंची २.७. झोपायची खोली ३ × २.७. दार ७८ सेंटिमीटर रुंद. (हे माप पहिल्यांदा घ्यावं. दारातून आत येत नसेल अशा कपाटाच्या प्रेमात पडून उपयोग नाही.)

आणि माझं माप. भिंतीला टेकून उभी राहिले, डोक्यावर पुठ्ठा धरून पेन्सिलीची खूण केली: १५२. डोळ्यांची पातळी १४१. कोपर ९४. टाचा न उचलता हात सहज पोहोचून वस्तू उचलता येते ती उंची १६५. आधीच्या घरातलं वरचं फळकूट १९५ वर होतं. तिथे कुणीतरी उंच माणसाने ते लावलं होतं आणि मी चौदा वर्षं रोज या स्टुलावर चढत होते. चढून चढून त्याचा एक पाय ढिला झालाय.

५ मार्च

तीन दिवस फक्त उजेड बघतेय. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा, रात्री नऊ. चारही वेळा त्याच जागी बसून वहीत दोन ओळी लिहायच्या. पूर्वेच्या खोलीत सकाळी पिवळसर ऊन गादीपर्यंत येतं आणि दहानंतर जातं. दिवाणखान्यात थेट ऊन जवळजवळ येतच नाही. उजेड भरपूर, पण निळसर आणि थंड. शिवणाला हा उजेड उत्तम, कारण सावल्या कडक पडत नाहीत. भिंतीच्या रंगाला मात्र तो अवघड जाणार.

छताला आधीपासून पांढरा दिवा होता, खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेला (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर). दुपारच्या ढगाळ आकाशासारखा. त्या उजेडात रात्री बसलं की आपण कुठेतरी नंबर लावून थांबलोय असं वाटतं. तो काढून २७०० केल्विनचा लावला. ज्या कोपऱ्यात शिवायला बसेन तिथे ४००० चा टेबललॅम्प, रंग नीट दाखवणारा: सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, शंभरपैकी) ९० किंवा वर असा बघून. एका दिव्याने आख्खी खोली बदलली. रंग, पडदे, फर्निचर यांच्याआधी दिवा बदलावा, असं मी आता कुणालाही सांगेन.

९ मार्च

रंगाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने शेडकार्ड उघडून विचारलं, ‘‘ताई, कुठला काढू?’’

‘‘कुठलाही चालेल,’’ मी म्हणाले.

तो थांबला, मीही थांबले. त्याने पुन्हा विचारलं, ‘‘पण तुम्हाला आवडतो कुठला?’’ मला खरंच सांगता येईना. पडदे, चादरी, भिंती, सोफ्याचं कापड, प्रत्येक वेळी मी हेच वाक्य बोलत आलेय, आणि ते समजूतदारपणाचं वाटायचं. आज दुकानात उभी राहून उत्तर शोधलं तेव्हा आत काहीच सापडलं नाही. शेडकार्ड घेऊन परत आले.

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘अगं, तुला निळा आवडतो की.’’ मी म्हटलं, ‘‘कशावरून?’’ ती म्हणाली, ‘‘तू नेहमी निळंच घेतेस.’’ ते खरं आहे. निळ्यावर कुणी वाद घालत नाही.

१० ते १७ मार्च

या आठवड्यातलं काम आयुष्यभर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

सहा छटांच्या सगळ्यात लहान बाटल्या आणल्या. भिंतीवर ठिपके द्यायचे नाहीत. शेजारीशेजारी लावलेल्या ठिपक्यांनी डोळा फसतो, आणि जुना रंगही आजूबाजूने डोकावत राहतो. त्याऐवजी ए३ आकाराचे जाड कागद घेतले, कडेने दोन सेंटिमीटर पांढरी पट्टी सोडून आत दोन हात दिले, पूर्ण वाळू दिले. ओला इमल्शन रंग वाळल्यावर बहुधा थोडा गडद होतो, त्यामुळे ब्रशखाली दिसतो त्यावर ठरवू नये. मग एकेक कागद एकेकटा भिंतीवर चिकटवून चार वेळा बघायचा. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर, कोपऱ्यात. रोज एक छटा.

फिकट निळा: सकाळी छान, दुपारी एक वाजता खोली गारठल्यासारखी. रात्रीच्या पिवळ्या दिव्यात राखाडी.

फिकट पिवळा: यावर माझी फार आशा होती. उत्तरेच्या निळसर उजेडात तो हिरवट झाला. आजारी दिसतो.

शुद्ध पांढरा: कोपरे करडे पडतात. ज्या खोलीत थेट ऊन नाही तिथे पांढरा रंग उजेड निर्माण करत नाही, असलेला परत फेकतो, एवढंच.

फिकट विटकरी: लिहिण्यासारखं खूप आहे. सकाळी मातीसारखा, दुपारी थोडा गुलाबीकडे झुकणारा, रात्री उबदार. संध्याकाळी सहाला मी उठून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. का, ते सांगता येत नाही.

उरलेल्या दोन छटा (एक करडी, एक पोपटीकडे जाणारी हिरवी) बघितल्या आणि बाजूला ठेवल्या.

एक गोष्ट मात्र पक्की डोक्यात बसली. विटकरी कागद माझ्या लाल उशीशेजारी ठेवला की फिका आणि मळका दिसतो, करड्या चादरीशेजारी ठेवला की पेटतो. कागद तोच. हे एकोणिसाव्या शतकात मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नीट मांडून ठेवलं आहे. पॅरिसच्या गोबलँ या भित्तिवस्त्रांच्या कारखान्यात तो रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर धाग्याच्या रंगात दोष नव्हता, शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला तसं दाखवत होते. १८३९ मध्ये त्याने त्यावर मोठा ग्रंथ काढला. शेजार बदलला की रंग बदलतो. मी लाल उशी झोपायच्या खोलीत नेली.

१८ मार्च

फिकट विटकरी. एकच भिंत, खिडकीसमोरची. बाकी तीन किंचित मातकट पांढऱ्या.

वहीत लिहून ठेवते: हा मी निवडला.

२२ मार्च

भिंत तयार करायला घेतली आणि खिडकीखाली ओल सापडली. पोपडे, हाताला लागणारी पांढरी भुकटी. ही भुकटी म्हणजे भिंतीतल्या पाण्याबरोबर वर आलेले क्षार. पाणी हवेत उडून जातं, क्षार पृष्ठभागावर उरतात. त्यावर कितीही चांगला रंग दिला तरी काही महिन्यांत सुटणार.

ओल आतून येतेय की खोलीतल्या हवेतली आहे, हे बघायला सोपी युक्ती आहे. अॅल्युमिनियमच्या पातळ कागदाचा वीतभर चौकोन भिंतीवर चारी कडांनी टेप लावून बंद करायचा. दोन दिवसांनी काढायचा. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतून, खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतली.

२४ मार्च

कागदाची भिंतीकडची बाजू ओली. काकूंना बोलावून दाखवलं. त्यांनी गवंडी पाठवला. खिडकीच्या चौकटीबाहेरचा सांधा फुटला होता, त्यातून पाणी शिरत होतं. त्याने तो भरला, पण भिंत सुकायला वेळ द्यायलाच हवा. ती भिंत एप्रिल संपेपर्यंत बाजूला. नशिबाने विटकरी भिंत समोरची आहे.

२५ ते २७ मार्च

समोरच्या भिंतीची तयारी. तीन दिवस गेले, आणि रंगकामाचा खरा वेळ इथेच जातो.

सुटलेला रंग पात्याने खरवडला. जुन्या घरांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. पाणी मारून ओलं घासायचं, तोंडाला मास्क, खाली प्लास्टिक, आणि भुकटी ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. झाडूने उडवायची नाही. भेगांत पुट्टी. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि मग त्यालाच भेग पडते. वाळल्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. रात्री खोलीतला दिवा बंद करून टॉर्च भिंतीला समांतर धरली. दिवसा गुळगुळीत वाटलेल्या भिंतीवर डोंगरदऱ्या दिसल्या. पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. मग प्रायमर.

खांदा दुखतोय. झोप मात्र गाढ लागतेय, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

२८-२९ मार्च

रंग. भिंत ३.६ × २.७, म्हणजे पावणेदहा चौरस मीटरला थोडा कमी. लिटरमागे एका हाताला साधारण दहा-बारा चौरस मीटर धरले तर दोन हातांना दोन लिटर. पुढे कधी डाग पडला तर हाताशी असावा म्हणून अर्धा लिटर जास्त घेतला. एकाच वेळी घेतलेला बरा, नंतर मिसळून आणलेली तीच छटा बारीकशी वेगळी निघू शकते.

कडा आधी ब्रशने, आणि त्या ओल्या असतानाच रोलर. रोलर भरून भिंतीवर मोठा झिगझॅग काढायचा, मग न उचलता तो भरून घ्यायचा. वाळलेल्या कडेवर पुन्हा रोलर गेला की पट्टा उठतो, म्हणून मध्ये थांबायचं नाही. भिंत संपेपर्यंत फोन वाजत होता, घेतला नाही.

पहिल्या हातानंतर भिंत भयंकर दिसली. ठिगळठिगळ. पाच तासांनी दुसरा हात दिला आणि सगळं बसलं.

एक चूक नोंदवते. मास्किंग टेप रात्रभर तशीच ठेवली. सकाळी ओढली तर टेपबरोबर रंगाची साल निघाली, छताकडच्या कडेला चाळीस सेंटिमीटर. टेप रंग थोडा ओला असतानाच, स्वतःकडे तिरकी ओढत काढायची. राहिलीच तर आधी कडेने पातं फिरवून रंग कापायचा, मग ओढायची. दुरुस्ती केली. मला दिसते, बाकी कुणाला दिसणार नाही.

६ एप्रिल

स्टूल.

उलटं करून टेबलावर ठेवलं. चार पायांपैकी एक हलतोय, कारण पायांना जोडणारी खालची आडवी दांडी भोकातून सुटली आहे. मागे कधीतरी कुणी त्यात गोंद ओतून खिळा मारला होता. खिळ्याने लाकूड फाटलंय. खिळा पकडीने हळूहळू काढला. जुना गोंद पूर्ण खरवडला, दांडीवरचा आणि भोकातलाही. लाकडाचा गोंद लाकडात मुरून धरतो, वाळलेल्या जुन्या गोंदावर तो धरत नाही. सांधे पुन्हा पुन्हा सुटतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

नवा पांढरा गोंद लावला. शिकंजा नाही, म्हणून चारही पायांभोवती सुती दोरी दुहेरी गुंडाळली, मध्ये काडी घालून पीळ दिला, सांधे करकचून बसले की काडी दांडीला अडकवून ठेवली. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसला. सपाट फरशीवर उभं करून चारही पाय टेकतात ना ते बघितलं. चोवीस तास हात लावायचा नाही.

८ एप्रिल

सांधा दगडासारखा. आता जुनं वॉर्निश. ८० नंबरने सुरुवात, मग १२०, १८०, २२०. नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवं घासलं की ओरखडे उठतात आणि तेल लावल्यावर जास्तच दिसतात. बसायच्या पाटाच्या मधोमध दोन फिकट खळगे निघाले. दोन पावलं. माझीच. रोज तिथेच पाय ठेवून चढत होते.

ते घासून काढता आले असते. थोडा वेळ हात फिरवत बसले. ठेवले.

९ एप्रिल

उकळलेलं अळशीचं तेल. फडक्याने पातळ थर, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्यायचं. लाकडाचा रंग एकदम खोल झाला, रेषा वर आल्या.

महत्त्वाचं, मोठ्या अक्षरात लिहायला हवं असं: तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकायची नाहीत. हे तेल हवेतला प्राणवायू घेत घेत वाळतं आणि त्यात उष्णता तयार होते. चोळामोळा केलेल्या फडक्यात ती अडकते आणि काडी न लावता फडकं पेट घेऊ शकतं. बाहेर पसरून एकेरी वाळवायची, किंवा पाण्यात बुडवून ठेवायची. एकटी राहताना हे दुप्पट लक्षात ठेवायचं. घरात दुसरं कुणी वास ओळखणारं नाही.

१२ एप्रिल

फळकूट लावलं. आयुष्यात पहिल्यांदा ड्रिल चालवलं. खाली राहणारे काका पूर्वी सुतारकाम करत. त्यांच्याकडून ड्रिल आणि पाणसळ मागून आणली. ‘‘मी येऊन लावून देतो की,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘‘काका, तुम्ही या, पण खुर्चीवर बसून बघा. चुकले तर सांगा.’’ ते खरोखरच खुर्चीवर बसून राहिले.

त्यांनी तीनच गोष्टी सांगितल्या. बटणाच्या सरळ वर आणि सरळ बाजूला भोक पाडायचं नाही, तारा बहुधा त्याच रेषेत जातात. सहा मिलिमीटरच्या गिट्टीला (भोकात बसवून स्क्रू धरून ठेवणारी नळी) सहाचंच पातं, आणि गिट्टीच्या लांबीपेक्षा जरा खोल जायचं असेल तिथे पात्यावर टेपची खूण करायची. आणि ड्रिलवर अंग टाकायचं नाही, सरळ धरून त्याला त्याचं काम करू द्यायचं. भोकाखाली कागदाची घडी चिकटवली, भुकटी त्यातच पडली.

दुसरं भोक चार मिलिमीटर खाली गेलं. ब्रॅकेटची खाच उभी असल्याने सावरून घेता आलं. पाणसळीतला बुडबुडा मध्ये आला तेव्हा काका एवढंच म्हणाले, ‘‘बसलं.’’

फळकूट ६० × २० सेंटिमीटर, १८ मिलिमीटरचं प्लायवूड, वरची पातळी १५८. टाचा टेकलेल्या, कोपर किंचित वाकलेलं, आणि हातात वस्तू. मी तिथे एकच डबा ठेवून सात-आठ वेळा काढला आणि ठेवला.

काका जाताना म्हणाले, ‘‘जरा खाली झालं नाही का?’’ मी म्हटलं, ‘‘मला बरोबर आहे.’’

१४ एप्रिल

चित्र टांगलं. प्रदर्शनांत चित्राचा मध्य साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर धरतात. माझे डोळे १४१ वर. १४१ वरच लावलं.

१९ एप्रिल

पडदे. गणित आधी लिहून काढलं, कारण कापडाच्या दुकानात डोकं चालत नाही.

खिडकी १२० रुंद, १३५ उंच, खालची कड फरशीपासून ९० वर. दांडी चौकटीच्या २० वर, आणि दोन्ही बाजूंना २० पुढे, म्हणजे १६०. दांडी अशी रुंद घेतली की पडदा उघडल्यावर भिंतीवर जाऊन बसतो आणि काच पूर्ण मोकळी राहते. उत्तरेचा उजेड आधीच मोजका, तो झाकायचा नाही. चुण्या नीट पडायला कापड दांडीच्या दुप्पट हवं: ३२०. पन्हा ११० चा, म्हणून तीन पन्हे, प्रत्येक पडद्याला दीड. उंची: ९० + १३५ + २० = २४५, फरशीपासून एक सेंटिमीटर सोडून २४४. खालची दुमड १२, वरची ८. झाले २६४. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. पाच टक्के धरून २७८. गुणिले तीन. साडेआठ मीटर.

आणल्या आणल्या आख्खं कापड धुऊन वाळवलं. ८.५ चं ८.२ भरलं. आधी शिवून मग धुतलं असतं तर पडदे फरशीपासून चार बोटं वर लटकले असते.

रंग: न रंगवलेलं, सुताचाच मूळ रंग असलेलं कापड. दुकानदाराने निळी चादर, निळा पट्टा, निळी फुलं असं सगळं पुढे टाकलं. बघितलं. नको म्हटलं. शब्द तोंडातून सहज आला.

२६ एप्रिल

खालची दुमड हाताने घातली. मशीन नाही, आणि हाताचा टाका पुढून दिसत नाही. शिवण्याआधी पडदे दोन दिवस नुसते लटकवून ठेवले. कापड स्वतःच्या वजनाने थोडं उतरतं, मग खालची रेषा पक्की करायची. साडेपाच तास. पडदे लागले. वाऱ्याने फुगतात तेव्हा विटकरी भिंतीवर उजेड हलतो.

३ मे

खिडकीखालची भिंत सुकली. दोन दिवस कागद लावून पुन्हा तपासलं, कोरडा निघाला. मातकट पांढरा, दोन हात. टेप वेळेवर काढली.

१० मे

मॅक्रमे, म्हणजे दोरीला गाठी मारून केलेलं भिंतीवर टांगायचं काम. बहिणीने आग्रह केला होता, तिच्याकडचा खूप सुंदर आहे. तीन मिलिमीटरची सुती दोरी आणली. तयार लांबीच्या चौपट प्रत्येक पदर, आणि दोरी मधोमध दुमडून काठीला अडकवायची म्हणून कापताना आठपट. ६० सेंटिमीटरच्या कामाला एकेक दोरी ४.८ मीटर. चौकोनी गाठ एकदा उजवीकडून एकदा डावीकडून बांधली की पट्टी सपाट येते. एकाच बाजूने बांधत गेलं की पट्टी आपोआप पिळत वर जाते. हे बघायला फार मजा येते.

१३ मे

अर्धं झालं. टांगून बघितलं. सुबक आहे, गाठी एकसारख्या आहेत, आणि मला ते माझ्या भिंतीवर नको आहे. भिंत रिकामी जास्त चांगली दिसते.

सोडवून टाकलं. दोरी पाण्यात भिजवून, वजन बांधून ताणत वाळवली, सरळ झाली. बहिणीला सांगितलं. तिने विचारलं, ‘‘का गं, जमलं नाही?’’ मी म्हटलं, ‘‘जमलं. आवडलं नाही.’’

१७ मे

त्याच दोरीने स्टुलासाठी नक्षी नसलेली, सपाट विणीची बैठक केली. दोन पट्ट्या, मध्ये फट. खळगे त्या फटीतून दिसतात.

२० मे

शेवटचं खोकं उघडलं. यात दुहेरी पलंगाची मोठी चादर. सुती, वीण घट्ट, मधे थोडी विरलेली, कडांना नवी. माझ्या एकट्याच्या गादीला फार मोठी. इतके दिवस खोकं बंद ठेवलं होतं, कारण हिचं काय करायचं ते ठरत नव्हतं.

माप: २२८ × २७४.

जुने कपडे वापरून पांघरूण शिवणाऱ्या अनेक बायकांमध्ये मला मिसूरी पेटवे कायम आठवतात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे, तिथल्या काळ्या बायकांच्या गोधड्या आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याचे शेतात घालायचे कपडे कापून त्यांची गोधडी शिवली. करड्या-निळ्या विटलेल्या पट्ट्या, गुडघ्यांच्या जागी झिजलेलं कापड तसंच ठेवलेलं. तिचं छायाचित्र मी पुष्कळदा बघितलंय. माझी गोष्ट तशी नाही. माझ्याकडे कुणी गेलेलं नाही, मीच निघून आले. तरी कापड कसं हातात घ्यायचं हे मला त्या छायाचित्राने दाखवलं.

कात्री लावली. लांबीतून १५६ चा तुकडा. उरला ११८ चा.

२१ ते २४ मे

गोधडी. तयार माप १५० × २२२. अस्तराला चारी बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटर जास्त, कारण शिवताना कापड आत ओढलं जातं. मध्ये जुनं पातळ ब्लँकेट. वरचा थर माझ्या सुती कपड्यांचा: दोन ओढण्या, चार कुर्ते, एक परकर. यातही एक नियम: विरलेलं आणि नवं कापड एका ओळीत जोडायचं नाही. धुताना नवं ओढतं आणि विरलेलं शिवणीजवळ फाटतं. तुकडे उजेडात धरून बघितले. ज्यातून पलीकडची बोटं दिसतात ते बाजूला.

रंग फरशीवर मांडून तीन दिवस ठेवले. येता-जाता एखादा उचलून दुसरीकडे ठेवायचा. कपड्यांमध्ये निळे किती आहेत हे मांडल्यावरच दिसलं. सगळे घेतले. विटकरी तुकडा फक्त एक, एका ओढणीच्या काठाचा. तो कोपऱ्यात लावला, त्यामुळे आजूबाजूचे निळे जागे झाले. शेव्रलचं म्हणणं फरशीवर खरं झालं.

२५ मे

तिन्ही थर फरशीवर ताणून, अस्तराच्या कडा टेपने फरशीला चिकटवून, कच्चे टाके मारले. वीतभर अंतरावर, मधून बाहेर. मधून सुरुवात केली की सुरकुती बाहेर सरकत जाते, कडेने केली की मध्ये अडकते. गुडघे चार तास फरशीवर. खाली काकांना आवाज जात असेल असं वाटलं, पण गुडघ्यांचा कसला आवाज.

२७ मे पासून

धावदोरा. ओळीओळींत अडीच सेंटिमीटर अंतर, म्हणजे साठ ओळी. टाका पाच-सहा मिलिमीटरचा. दोरा हाताएवढाच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन झिजतो. गाठ वर ठेवायची नाही, हलका झटका देऊन थरांच्या मध्ये ओढून घ्यायची. एका ओळीला चाळीस मिनिटं.

रोज दोन ओळी, संध्याकाळी, खिडकीजवळ, स्टुलावर बसून.

सुरुवातीच्या ओळी वाकड्या आहेत. नवव्या ओळीपासून सरळ येऊ लागल्या. उसवून पुन्हा घालाव्यात का, हा प्रश्न पडला होता. नाही उसवणार. टाके घट्ट आहेत, पांघरूण टिकायला तेवढं पुरे.

८ जून

बहीण दोन दिवस राहायला आली. ती माझ्याहून वीतभर उंच. फळकुटावरची वस्तू घेताना वाकली. चित्रासमोर उभी राहिली आणि गुडघे थोडे वाकवून तिने ते माझ्या डोळ्यांच्या पातळीवरून बघितलं. काही बोलली नाही. मग भिंतीकडे वळून म्हणाली, ‘‘हा रंग तू घेतलास?’’

‘‘हो.’’

‘‘मी असते तर निळा घेतला असता.’’

‘‘मला माहीत आहे,’’ मी म्हटलं, आणि दोघी हसलो.

रात्री तिने सुई मागितली. बावीस आणि तेवीसवी ओळ तिची आहे. टाका माझ्याहून लांब, किंचित तिरका. कच्चा टाका समजून चुकून उसवू नये म्हणून इथे लिहून ठेवतेय.

१४ जून

चौतीस ओळी झाल्या. सव्वीस बाकी. पांढरा दोरा संपत आलाय, उद्या त्याच नंबरचे तीन रीळ आणायचे. चादरीचा उरलेला ११८ चा तुकडा धुऊन, इस्त्री करून १५८ वरच्या फळकुटावर घडी घालून ठेवला. त्याचं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही.